बॅबिटची पत

सिंक्लेअर लुईसच्या 'बॅबिट' या कादंबरीच्या साधारण मध्यावर दोन मेजवान्या आहेत. पहिली बॅबिटच्याच घरी. कॉलेजात त्याच्या वर्गात असलेला चार्ल्स मॅकेल्व्ही आता लक्षाधीश कंत्राटदार झाला आहे आणि शहरातल्या अगदी वरच्या वर्तुळात त्याची ऊठबस आहे. वर्गमित्रांच्या मेळाव्यात जुनी ओळख उजळून घेऊन बॅबिट त्याला सपत्नीक जेवायला बोलावतो. मॅकेल्व्ही दांपत्य उशिरा येतं, गप्पा काही केल्या रंगत नाहीत, आणि जेवणानंतर थोड्याच वेळात, आता एकदा तुम्ही आमच्याकडे यायलाच हवं असं तोंडभरून सांगत पाहुणे उठतात. बॅबिट नवराबायको त्या बोलावण्याची वाट बघत राहतात. ते येत नाही. मग घरात मॅकेल्व्हींचं नाव निघेनासं होतं. दुसरी मेजवानी एड ओव्हरब्रुककडे. हाही त्याच वर्गातला, पण आयुष्यात मागे पडलेला. तो बोलावतो, बॅबिट टाळाटाळ करतो, शेवटी जातो, तोही उशिरा. ओढूनताणून उत्साह दाखवतो, लवकर उठतो, आणि निघताना आता तुम्ही यायलाच हवं असं तोंडभरून सांगतो. पुढे त्या घरात ओव्हरब्रुकचंही नाव निघत नाही.

एरवी टिप्पणी केल्यावाचून लुईसला चैन पडत नाही, पण इथे तो दोन मेजवान्या शेजारी-शेजारी मांडतो आणि गप्प बसतो. तिन्ही जोडप्यांत दुष्ट कुणीच नाही. मॅकेल्व्हीला जे ठाऊक आहे तेच बॅबिटलाही ठाऊक आहे: आपल्याहून खालच्या पायरीवरच्या माणसाबरोबर दिसणं परवडत नाही. वरच्याने आपल्याला खालचं धरलं हे बॅबिटला झोंबतं, पण अन्यायाचं वाटत नाही. भाव ठरवायची रीत त्याला मान्य आहे. फक्त आपला भाव अधिक लागायला हवा होता, एवढंच त्याचं दुःख.

१९२२ साली ही कादंबरी आली आणि थोड्याच काळात तिच्या नायकाचं नाव अमेरिकेत हिणवण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. स्वतःचं मत नसलेला, चारचौघांसारखं वागण्यात धन्यता मानणारा, मोटार, क्लब आणि चर्च यांत आयुष्य भरून पावलेला सुखवस्तू गृहस्थ म्हणजे बॅबिट. आजही तिची ओळख करून देताना मध्यमवर्गाच्या मेंढरूपणावरचा उपहास असंच सांगितलं जातं. हे खोटं नाही, पण फार सोयीचं आहे. बॅबिटला मेंढरू ठरवलं की वाचक आपोआप मेंढपाळ होतो, नाही तर निदान कुंपणाबाहेर उभा राहून हसणारा तरी. मला वाटतं, लुईसने दाखवलेली गोष्ट याहून वाईट आहे. बॅबिट चारचौघांसारखा राहतो तो भित्रा आहे म्हणून नव्हे, आणि बिनडोक आहे म्हणून तर मुळीच नव्हे. चारचौघांसारखं असणं हेच त्याचं भांडवल आहे. त्याच्यावर त्याची पत उभी आहे, पतीवर धंदा आणि धंद्यावर घर. यश आणि अनुकरण या त्याच्या दोन वेगळ्या खोडी नाहीत. एकाच वहीची ही जमा आणि खर्चाची पानं आहेत.

जॉर्ज एफ. बॅबिटचं वय सेहेचाळीस. झेनिथ या शहरात तो घरं आणि जमिनी विकून देण्याचा धंदा करतो. झेनिथ अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, विनेमॅक नावाच्या राज्यात आहे. शहरही काल्पनिक, राज्यही काल्पनिक. पण लुईसने कल्पनेवर फार काही सोडलं नव्हतं. त्याने झेनिथचे नकाशे काढले होते, बॅबिटच्या घराचा आराखडाही काढला होता. या तयारीसाठी तो सिनसिनाटीत जाऊन राहिला, व्यापाऱ्यांत मिसळला, त्यांची बोलण्याची ढब कानात साठवून घेतली. तो स्वतः मिनेसोटातल्या सॉक सेंटर नावाच्या लहानशा गावातल्या डॉक्टरचा मुलगा, जन्म १८८५चा, शिक्षण येल विद्यापीठात. त्या गावावर बेतलेल्या 'मेन स्ट्रीट'ने १९२० साली त्याला रातोरात प्रसिद्धी दिली. त्याआधी प्रकाशन संस्थांत संपादनाची आणि जाहिरातीची कामं करून त्याने पोट भरलं होतं. तरुणपणी तर जॅक लंडनला कथांची कथानकं रोख पैसे घेऊन विकली होती. म्हणजे विकण्याची भाषा त्याला आतून ठाऊक होती. बॅबिटच्या भाषणांची आणि पत्रांची त्याने केलेली नक्कल इतकी पक्की उतरते, त्याचं कारण तिरस्कार नव्हे, सराव आहे.

कादंबरीची पहिली सात प्रकरणं एकाच दिवसाची आहेत. एप्रिल १९२०मधला एक दिवस, सकाळी गजर होण्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत. काही घडत नाही. पण सगळ्यात जास्त मजकूर इथेच आहे. गजराचं घड्याळ साधं नाही, देशभर जाहिरात होणाऱ्या उत्तम प्रतीचं आहे. असल्या घड्याळाने आपल्याला उठवावं याचा बॅबिटला अंथरुणातच अभिमान वाटतो. मग तो न्हाणीघरात जातो. घरातल्या सगळ्यांचे पंचे ओले, एकही कोरडा नाही. चिडून तो समोर टांगलेल्या पाहुण्यांच्या टॉवेलला तोंड पुसतो. हा टॉवेल नक्षीदार, नाजूक, आजवर कुणीही न वापरलेला. घरच्यांनी वापरायची सोय नाही, आणि पाहुणे आले की तेही त्याला हात लावायला धजत नाहीत. जवळच्या दुसऱ्या टॉवेलच्या कोपऱ्याला गुपचूप हात पुसतात. तो टांगलेला असतो तो फ्लोरल हाइट्ससारख्या वस्तीत आपलं घर शोभतं हे कळावं म्हणून. बायको मायरा नवऱ्याच्या या अपराधाने हादरते.

या टॉवेलवर हसून पुढे जाता येतं आणि बहुतेक वाचक जातात. पण तो निरुपयोगी नाही. त्याचा उपयोग न वापरण्यातच आहे. फ्लोरल हाइट्समधल्या दर दोन घरांपैकी एका घरातली झोपायची खोली बॅबिटच्या खोलीसारखीच सजवलेली आहे, असं लुईस सांगतो. यात त्या लोकांची कल्पनाशक्ती तोकडी पडली असं नव्हे. ज्या वस्तीत कोण कुठून आला, बापजादे कोण, हे कुणालाच ठाऊक नाही, तिथे माणूस पारखायचा कशावरून? वस्तूंवरून. आपलं घर शेजारच्यासारखं आहे म्हणजे आपला भरवसा धरायला हरकत नाही, अशी ती जाहीर ग्वाही आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली दिखाऊ उपभोगाबद्दल लिहिलं ते श्रीमंत आळशी वर्गाला समोर ठेवून. त्यांना वेगळं दिसायचं होतं. बॅबिटला वेगळं दिसायचं नाही. तो खर्च करतो तो इतरांसारखं दिसण्यासाठी, आणि त्यासाठीही पैसे काही कमी लागत नाहीत.

आता त्याच्या धंद्याकडे बघू. इथे लुईसची लेखणी सगळ्यात थंड आणि म्हणून सगळ्यात धारदार आहे. पर्डी नावाचा एक साधा किराणा दुकानदार. त्याच्या दुकानाशेजारची मोकळी जागा बॅबिटच्या सल्ल्यावरून कॉनरॅड लाइट नावाचा सटोडिया आधीच घेऊन ठेवतो. दुकान वाढवायचं तर पर्डीला तीच जागा लागणार, हे बॅबिटने हेरलेलं असतं. मग पर्डीला ऑफिसात बोलावून, गोड बोलून, प्रतिस्पर्धी दुकानाची भीती घालून ती जागा त्याच्या गळ्यात मूळ किमतीच्या कितीतरी वर मारली जाते. लाइटला नफा, बॅबिटला दलाली. बेकायदा काहीच नाही. त्याच बॅबिटची व्यावसायिक नीतिमत्तेवर भाषणं असतात. ट्रॅम कंपनीच्या पुढच्या बेतांची आतली बातमी काढून जमिनी आधीच अडकवून ठेवण्याच्या व्यवहारांतही तो असतो. हाताखालचा विक्रेता स्टॅन्ली ग्राफ लबाडी करताना सापडतो, तेव्हा बॅबिट त्याला सात्त्विक संतापाने हाकलतो. ग्राफ जाताना तुमच्या लबाड्या मला ठाऊक आहेत असं सुनावतो. बॅबिट रात्रभर अस्वस्थ होतो, मग विसरतो. त्याच्या लेखी फरक स्पष्ट आहे: ग्राफची लबाडी एकट्याची होती, आपली सगळ्यांच्या रिवाजातली.

दलालाचं दुकान कशाचं असतं? तो लोणी काढत नाही, जोडे शिवत नाही, घर बांधतही नाही. विकायला त्याच्याकडे भरवसा सोडून काही नसतं, आणि भरवसा म्हणजे इतरांनी आपल्याबद्दल बाळगलेलं मत. म्हणून बॅबिटच्या कोटावर बूस्टर्स क्लबचं बिल्ला-बटण असतं. ते घातलं की आपण मोठे, निष्ठावंत, महत्त्वाचे माणूस आहोत असं त्याला वाटतं. लुईसने बूस्टर्स क्लब हवेतून काढला नाही. शिकागोत १९०५ साली रोटरी सुरू झाली, १९१५ साली डेट्रॉइटमध्ये किवानिस, १९१७ साली लायन्स. वीस वर्षांच्या आत अमेरिकेच्या गावोगावी दुपारच्या जेवणाला एकत्र बसणारे, एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारणारे, गाणी म्हणणारे व्यापारी दिसू लागले. या संस्थांनी पुष्कळ चांगली कामं केली हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच: जेवणाच्या त्या टेबलावर कोळशाचा व्यापारी, विम्याचा एजंट, दंतवैद्य आणि घरांचा दलाल एकमेकांची पत तपासत असतात आणि वाढवतही असतात. बाहेरून ती मौज दिसते. आतून ती धंद्याचीच बैठक असते.

आपल्याकडच्या एका पात्राशी ताडून पाहिलं की हा मुद्दा उघड होतो. पु. ल. देशपांड्यांच्या 'असा मी असामी'तले धोंडो भिकाजी जोशीही चारचौघांसारखे. चाळ बदलते, कपडे बदलतात, घरात फर्निचर येतं, जोशी प्रवाहाबरोबर वाहत जातात. पण ते स्वतःवर हसू शकतात, अखंड हसतात. बॅबिट स्वतःवर एकदाही हसत नाही. हा दोन लेखकांच्या स्वभावातला फरक आहेच. पण जोशी पगारदार कारकून आहेत, हे विसरता कामा नये. शेजारच्याने नाक मुरडलं तरी एक तारखेचा पगार चुकत नाही. त्यांचं चारचौघांसारखं असणं ही सवय आहे, भिडस्तपणा आहे, फार तर हौस आहे. बॅबिट दलालीवर जगतो. त्याने स्वतःवर हसायचं म्हणजे दुकानाच्या पाटीवर चिखल फेकायचा. आता पगारदारांनाही आपली ओळख, आपला चेहरा, आपली मतं रोज बाजारात मांडावी लागतात, म्हणून मला जोशींपेक्षा बॅबिट जवळचा काळ सांगतो असं वाटतं. हे म्हणताना फार आनंद होत नाही.

कादंबरीचा उत्तरार्ध बॅबिटच्या बंडाचा. त्याचा जिवलग मित्र पॉल रीझलिंग. पॉलला व्हायोलिनवादक व्हायचं होतं. आता तो छपरांचा डांबरी माल बनवतो आणि घरी झिला नावाच्या तिरसट बायकोशी रोज भांडतो. एक दिवस तो तिच्यावर गोळी झाडतो. ती वाचते, पॉल तुरुंगात जातो. बॅबिटच्या पायाखालची जमीन सरकते, कारण पॉलपाशीच फक्त त्याला काही विकायचं नसे. मग तो टॅनिस ज्युडिक नावाच्या विधवेच्या नादी लागतो, तिच्या मित्रमंडळात दारू पिऊन रात्री घालवतो. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, आणि झेनिथचे कायदाप्रेमी नागरिक चोरटी जिन विकत घेण्यात तरबेज होते. बंडखोर म्हणवणाऱ्या टॅनिसच्या कंपूचेही नियम ठरलेले, कुणी कुणाला किती फोन करायचे याचे हिशेब ठरलेले, रुसवेफुगवे ठरलेले. बॅबिट एका क्लबातून निघून दुसऱ्या क्लबात गेलेला असतो. फरक इतकाच की इथे दलाली मिळत नाही.

खरं बंड वेगळ्याच ठिकाणी होतं आणि ते फार लहान आहे. सेनेका डोन हा झेनिथमधला डाव्या विचारांचा वकील, बॅबिटचाच कॉलेजमित्र. आगगाडीत भेट झाल्यावर तो बॅबिटला सहज आठवण करून देतो की तू तेव्हा वकील होऊन गरिबांचे खटले फुकट लढणार होतास. मला मात्र श्रीमंत व्हायचं होतं. बॅबिट हे विसरून गेला होता. पुढे झेनिथमध्ये टेलिफोन कामगारांपासून सुरू होऊन संप पसरतो, बंदुकधारी पहारे बसतात. संपकऱ्यांच्या मिरवणुकीत डोन चालताना दिसतो आणि बॅबिटच्या मनात येतं, हे तर आपल्यासारखेच लोक दिसतात. तो तसं थोडंफार बोलूनही दाखवतो. पलीकडून कोळशाचा व्यापारी व्हर्जिल गंच त्याच्याकडे बघत असतो. झालं ते एवढंच.

१९२२च्या वाचकाला हा संप कुठून आला हे सांगावं लागत नव्हतं. १९१९ साली सिएटलमध्ये सार्वत्रिक संप झाला होता, बॉस्टनमध्ये पोलिसांनी संप केला होता. त्या वर्षाच्या अखेरीपासून ॲटर्नी जनरल पामरच्या आदेशाने परदेशी वंशाच्या डाव्यांची धरपकड चालली होती. मालकांच्या संघटनांनी कामगार संघटना मोडण्यासाठी 'अमेरिकन प्लॅन' नावाची मोहीम काढली होती. म्हणजे युनियन नाकारणं हेच अमेरिकनपण. लुईसची गुड सिटिझन्स लीग, अर्थात सज्जन नागरिकांची संघटना, या वाऱ्यावर वाढलेली आहे. गंच तिचा उत्साही कार्यकर्ता. बॅबिटला सभासद होण्याचा आग्रह होतो. तो विचार करून सांगतो म्हणतो. मग एक दिवस त्याच्या ऑफिसात तिघे येतात: एक नामांकित सर्जन, वर्तमानपत्राचा मालक कर्नल स्नो आणि चार्ल्स मॅकेल्व्ही. तोच मॅकेल्व्ही, ज्याच्या घरून जेवणाचं बोलावणं आलं नव्हतं. मित्र म्हणून ज्याला बॅबिटच्या दारात परत पाऊल टाकावंसं वाटलं नाही, तो आता वसुलीला आला आहे. बॅबिट चिडतो, दबावाखाली सही करणार नाही म्हणतो. तिघे शांतपणे निघून जातात.

यानंतरची पानं मला सबंध कादंबरीत सगळ्यात भीतिदायक वाटतात. कुणी दगड मारत नाही, धमकीचं पत्र येत नाही. क्लबात जेवणाच्या टेबलावर जागा करून द्यायला कुणी हाक मारत नाही. तो आला की बोलणं थांबतं. ट्रॅम कंपनीचं एक मोठं काम प्रतिस्पर्धी पेढीकडे जातं. त्याची लघुलेखिका मिस मॅक्गाउन नोकरी सोडते आणि त्याच पेढीत लागते. प्रत्येक गोष्टीला वेगळं, सभ्य, पटण्यासारखं कारण असू शकतं. जो तो म्हणू शकतो की मी काय केलं? आणि ते खरंही आहे. एकेकट्याने कुणीच काही केलेलं नाही. पत अशी कमी होते. तोक्व्हिलने १८३५ साली अमेरिकेतल्या बहुमताच्या जुलुमाबद्दल लिहिलं होतं की तो शरीराला हात लावत नाही, माणसाला आपल्यातच परका करतो. लुईसने त्यात धंद्याचा तपशील भरला, आणि त्यामुळे ते तत्त्वज्ञान न राहता हिशेबाची गोष्ट झाली. रीझमनचा 'द लोन्ली क्राउड' १९५०चा, व्हाइटचा 'द ऑर्गनायझेशन मॅन' १९५६चा. समाजशास्त्रज्ञांना ज्या प्रश्नाला हात घालायला तीसेक वर्षं लागली तो दलालाच्या खुर्चीत बसवून लुईसने आधीच मांडला होता.

लुईसने १९३५ साली 'इट कान्ट हॅपन हिअर' लिहिली, अमेरिकेत हुकूमशाही आली तर काय होईल यावर. ती हिटलर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली, गणवेश आणि छळछावण्यांची. पण बीज 'बॅबिट'मध्ये आहे, आणि माझ्या मते ती कल्पना बीजातच जास्त भेदक आहे. झेनिथला गणवेशाची गरज पडत नाही. गिऱ्हाईक पुरतं.

बॅबिट परत कसा फिरतो? धाकाने नाही. एका रात्री मायराला ॲपेंडिसायटिसचा त्रास होतो, शस्त्रक्रिया करावी लागते. बातमी पसरते आणि गंचसह जुनी सगळी मंडळी विचारपूस करायला येतात. आपुलकीने येतात, लुईस तिथे वाकडं एक अक्षर लिहीत नाही. बॅबिटला हायसं वाटतं, गंच पुन्हा लीगचा विषय काढतो आणि बॅबिट आनंदाने सभासद होतो. पुढच्या पंधरवड्यात डोनला आणि कामगार संघटनांना शिव्या घालण्यात त्याच्यापुढे कुणी नसतं. लुईसवर माणुसकी नसल्याचा आरोप करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचलेला नसावा. मंडळींचा जिव्हाळा खोटा असता तर प्रश्न सोपा होता. तो खरा आहे. आजारपणात धावून येणारी माणसं आणि बहिष्कार घालणारी माणसं तीच आहेत, आणि दोन्ही वेळा ती मनापासून वागतात. एकटेपणाच्या बदल्यात मिळणारं स्वातंत्र्य ज्यांना सहज पेलतं, त्यांनी बॅबिटला खुशाल नावं ठेवावीत.

मात्र मायराच्या बाबतीत लुईस स्वतःच्याच कादंबरीला पुरा पडला असं मला वाटत नाही. नवरा रात्री-बेरात्री येतो आहे, कुठे असतो हे तिला कळलेलं आहे, आणि अशा एका भांडणात ती बोलून जाते की मला काय कंटाळा येत नसेल? रोज तेच शिवणटिपण, तेच घर, तीच मुलं. मलाही नवीन माणसं पाहावीशी वाटत नसतील? ती बॅबिटला एका नवविचारवादी बाईंच्या व्याख्यानाला ओढून नेते. व्याख्यान भिकार असतं, आणि लुईस त्या बाईंची टर उडवण्यात रमून जातो. मायराच्या कंटाळ्याचं पुढे काहीच होत नाही. तिच्या वाट्याला येतं ते आजारपण, आणि त्याचा उपयोग नवऱ्याला ताळ्यावर आणण्यापुरता. बॅबिटच्या बंडाचा खर्च कुणाच्या खात्यातून झाला हे पुस्तकात लिहिलेलं आहे, पण लेखकाने त्याची बेरीज मांडलेली नाही. ज्याने 'मेन स्ट्रीट'मध्ये कॅरल केनिकॉटसारखी कोंडलेली बाई मध्यभागी ठेवून सबंध कादंबरी उभी केली, त्याच्याकडून हे सुटावं याचं नवल वाटतं.

ई. एम. फॉर्स्टरने लुईसला छायाचित्रकार म्हटलं. कौतुकही होतं त्यात आणि मर्यादाही. वस्तू, जाहिराती, संभाषणं यांची यादी देता देता लुईस माणसाच्या आत जायचं विसरतो, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. काही ठिकाणी तो खरा आहे. भाषणांची नक्कल लांबते, विनोद एकाच सुरात राहतो. पण बॅबिटच्या आत जायचा रस्ता त्या यादीतूनच जातो. पहिल्याच दिवशी तो सिगारेट-सिगार सोडण्याचा निश्चय करून सिगार डोळ्यांआड ठेवतो, आणि त्याच दिवशी मोटारीसाठी विजेवर चालणारा सिगार लायटर विकत घेतो. त्याला काय हवं आहे हे त्याला ठाऊक नाही, काय विकत घेता येतं ते ठाऊक आहे. मनोविश्लेषणाची चार पानं यापेक्षा जास्त काय सांगणार?

या पुस्तकाचं पुढे जे झालं तेही पुस्तकात शोभण्यासारखं आहे. ते तडाख्याने खपलं. झेनिथ म्हणजे आमचंच शहर, असा दावा सिनसिनाटी, मिनिॲपोलिस, डुलुथ, मिलवॉकी आणि कॅन्सस सिटी इथल्या वर्तमानपत्रांनी केला. ज्या शहराला वेडगळ ठरवायला लुईस निघाला होता, तेच असण्याचा मान मिळवायला पाच शहरं रांगेत उभी राहिली. बूस्टर वृत्तीला उपहासही जाहिरात म्हणून वापरता येतो, याहून भक्कम पुरावा लुईसलाही सुचला नसता. पुलित्झरची गोष्ट वेगळी. परीक्षकांनी 'मेन स्ट्रीट'ची निवड केली असताना विश्वस्तांनी ती फिरवून १९२१चं पारितोषिक एडिथ व्हॉर्टनच्या 'द एज ऑफ इनोसन्स'ला दिलं. आणि लुईसने पुढच्या वर्षी 'बॅबिट' व्हॉर्टनलाच अर्पण केली. १९२६ साली 'ॲरोस्मिथ'ला तेच पारितोषिक मिळालं तेव्हा त्याने ते नाकारलं, कारण नियमांत अमेरिकी जीवनाच्या सात्त्विक वातावरणाची आणि उच्च शिष्टाचारांची अट होती. १९३० साली साहित्याचं नोबेल मात्र घेतलं. अमेरिकेला मिळालेलं ते साहित्याचं पहिलं नोबेल. १९२२ साली ज्या राष्ट्रीय साहित्य संस्थेचं सभासदत्व त्याने झिडकारलं होतं, ते १९३०च्या दशकात स्वीकारलं. त्यावरून त्याला ढोंगी म्हणण्यात अर्थ नाही. लेखकाचाही बाजार असतो, त्याचीही पत असते, आणि क्लबाबाहेर किती दिवस राहायचं याचा हिशेब त्यालाही करावा लागतो.

शेवटच्या प्रसंगाबद्दल समीक्षक बहुधा हळवे होतात. मुलगा टेड शेजारच्या लिटलफील्डांच्या युनिसशी परस्पर लग्न करून येतो. त्याला कॉलेज सोडून कारखान्यात यंत्रांचं काम करायचं आहे. घरभर आकांत. बॅबिट त्याला बाजूला घेऊन कबूल करतो की सबंध आयुष्यात आपल्याला हवं ते आपण एकदाही केलं नाही, आणि त्याला पाठिंबा देतो. बापाला नाही तर निदान मुलाला मोकळीक मिळाली, असा दिलासा यात शोधला जातो. मला तो सापडत नाही. हा पाठिंबा बॅबिट देऊ शकतो तो लीगचा सभासद झाल्यावर. दोन महिन्यांपूर्वी, गिऱ्हाईक तुटत असताना आणि टेबलावर जागा नसताना, घरातल्या वडीलधाऱ्यांना गप्प बसवण्याइतकं त्याचं वजन नव्हतं. टेडची मोकळीक बापाच्या परत मिळालेल्या पतीवर उचललेली आहे. शिवाय टेड आता संसारी झाला. घर भाड्याने घ्यायचं, कारखान्यात बढती मिळवायची, आणि सासरे हॉवर्ड लिटलफील्ड तर ट्रॅम कंपनीच्या पगारावर तिची बाजू मांडणारे अर्थशास्त्रज्ञ. फ्लोरल हाइट्समध्ये त्याच्या नावाचं नवं खातं उघडलं गेलं आहे. आणि युनिसला काय करायचं आहे, हे त्या खोलीत तिला कुणी विचारत नाही, लुईसही विचारत नाही.